डोंगरातली दळणारी

फार पूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावच्या वैद्याची लेक दूरदेशी शिकायला गेली होती, ती बऱ्याच वर्षांनी घरी परत आली. वाटभर तिच्या मनात एकच होतं, कधी एकदा दळणारी दिसते. तिकडच्या मैत्रिणींना तिने दळणारीचं इतकं कौतुक सांगितलं होतं की न बघताही ती त्यांच्या ओळखीची झाली होती. कड्यावर जात्यापाशी बसलेली दगडाची बाई, वाकलेली पाठ, उभा गुडघा, खुंट्यावर हात. कुणी घडवलेली नाही, आपोआप झालेली.

पण या खेपेला ती नेहमीच्या वाटेने आली नाही. खिंडीतून डोंगर चढून, थेट दळणारीच्या खांद्यावरून गावात उतरली. आणि तिथे तिला बाई दिसलीच नाही. दगड दिसले. भेगा पडलेले, निवडुंग उगवलेले, शेळ्यांच्या लेंड्या पडलेले. ज्याला गाव पाठ म्हणायचं तो नुसता उतार होता. ज्याला हात म्हणायचं ते एकमेकांपासून चांगलेच लांब असलेले दोन खडक होते.

ती तिथेच बसली. आधी तिला वाईट वाटलं, मग स्वतःचंच हसू आलं, आणि खाली उतरेपर्यंत तिचं मत पक्कं झालं. दगडात कुणी बाई नाही. बाई आहे ती आपल्या डोळ्यांत.

गावात मात्र दळणारीचा मान मोठा होता. नवी नवरी आली की तिला पारावर उभी करून डोंगर दाखवायचे आणि म्हणायचे, "ही आपली दळणारी. हिच्याइतकं कुणी दळलं नाही, तेव्हा कुरकुर करायची नाही." जात्याला दोघी बसल्या की काम हलकं होतं. जिच्या घरी दुसरी बाई नसेल, ती डोंगराकडे तोंड करून बसे आणि म्हणे, "बाई, धर गं एक हात." मग दळायला लागे. वैद्याच्या लेकीची आत्या अशीच एकटी होती. तिचं सगळं आयुष्य दळणारीच्या सोबतीने दळण्यात गेलं होतं.

त्या वर्षी गावापुढे पेच पडला होता. ओढ्यावरचा मातीचा बांध दर पावसाळ्यात फुटायचा आणि शेतातली चांगली माती वाहून जायची. दगडी बांध घालायचा, तर दगड आणायचा कुठून? नदीपलीकडच्या माळावर होता, पण तिकडून आणायचा तर काम पुढच्या उन्हाळ्यावर जाणार. नाहीतर होता तो दळणारीच्या अंगावर.

गाव पारावर जमलं. पाथरवट म्हणाला, "कड्यावरचा दगड सुटा आहे. पावसाच्या आत बांध उभा करून देतो. पण तिला पहार लावायची, तर आधी कुणीतरी हो म्हणा."

पाटील म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस बाबा. मी हो म्हटलं, तर बायको मला घरात घ्यायची नाही."

सगळे हसले. तेवढ्यात वैद्याची लेक उठून उभी राहिली.

"पाटीलकाका, मी तिच्या खांद्यावर बसून आलेय. तिथे बाई नाही, दगड आहेत. डोंगरापलीकडच्या गावाला विचारा, त्यांना ती कधी दिसली का? दगडात असती, तर चारी बाजूंनी दिसली असती. ती आपल्या डोळ्यांत आहे. मग दगड नेले म्हणून आपलं काय जाणार? बांध झाला तर माती राहील. लेकरांच्या पोटात दोन घास जास्त जातील."

ती मनापासून बोलत होती. तिला वाटत होतं, गावाच्या डोळ्यांवरची झापड आज आपल्या हातून निघते आहे.

"पोरगी बोलते तर बरोबर," पाटील म्हणाले. "पण हे बायांना विचारा. दळणारी त्यांची."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. गावात तीच वडीलधारी.

आत्याने विचारलं, "डोळ्यांत आहे म्हणतेस?"

"हो, आत्या."

"म्हणजे ती माझ्याकडून कुणाला नेता यायची नाही?"

"कुणालाच नाही."

आत्याने पदर सारखा केला. "मग न्या दगड," ती म्हणाली. "बांध होऊ दे."

पहारी लागल्या. गाड्या भरभरून दगड खाली आला आणि पावसाच्या आत बांध उभा राहिला. पाऊस पडला, ओढा दुथडी भरून वाहिला, पण बांध हलला नाही. त्या साली गावात कधी नव्हे इतकं पीक आलं. जो तो वैद्याच्या लेकीचं नाव घेऊ लागला.

डोंगराकडे मात्र कुणी बघेना. एकदा ओढ्यावर जाताना वैद्याच्या लेकीने मान वर केली. मनातली दळणारी डोंगरावर बसवून पाहिली. पाठ आठवली, गुडघा आठवला, पण तिथे काही केल्या बसेना. आपण दमलो असू, असं म्हणून ती पुढे गेली.

सुगी झाल्यावर पाटलांच्या घरी सून आली. रीतीप्रमाणे आत्याने तिला पारावर उभी केली आणि डोंगराकडे बोट दाखवलं.

"दिसली का गं?"

नव्या नवरीने खाली मान घालून सांगितलं, "दिसली की, आत्याबाई."

त्याच संध्याकाळी आत्या भावाच्या घरी आली. वैद्य आता थकले होते, औषधं लेकच देत असे.

"पोरी, डोळ्यांत घालायचं अंजन आहे का गं?"

"काय झालं, आत्या?"

"काय की. सुईत दोरा ओवते अजून. तांदळातला खडा दिसतो. दळणारी तेवढी दिसत नाही. म्हटलं, डोंगराचं बदललं असेल काही. पण दगडाचा काही संबंध नाही, हे तूच सांगितलंस. आणि कालची आलेली पोर, तिला दिसली. म्हणजे बिघाड माझ्याच डोळ्यांत." आत्या जराशी हसली. "एकटीला जातं ओढवत नाही बघ. लवकर दे काहीतरी."

"सकाळी देते," वैद्याची लेक म्हणाली.

रात्रभर तिला झोप लागली नाही. अंजन देणं सोपं होतं. आत्या ते रोज घालेल, रोज डोंगराकडे बघेल, आणि आपले डोळे गेले असं मानून गप्प बसेल. वैद्याच्या लेकीला कधी कुणी काही विचारणार नव्हतं. दळणारी नुसत्या दगडात नव्हती, हे तिने खरंच सांगितलं होतं. पण ती दगडावाचूनही नव्हती, हे तिने सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. तिच्या शहाणपणाचा अर्धा भाग खरा होता, आणि पहार चालवायला तेवढा अर्धा पुरला होता.

सकाळी तिने अंजन घोटायचा खल फळीवरून काढलाच नाही. रिकाम्या हातांनी ती आत्याच्या दारात गेली.

"आत्या, तुझे डोळे चांगले आहेत. पाटलांच्या सुनेलाही काही दिसलं नाही, भिडेपोटी हो म्हणाली ती. दळणारी गेली. मी घालवली."

आत्याच्या मुठीत जोंधळे होते. ती मूठ तशीच राहिली.

"आता कधीच दिसायची नाही?"

"नाही, आत्या."

आत्या रागावली नाही, रडलीही नाही. तिने एकदा डोंगराकडे पाहिलं, आणि मग तिकडे पाठ करून ती जात्यापाशी बसली.

तिथून वैद्याची लेक पाराकडे निघाली. गाव जमेल तेव्हा हेच सगळ्यांसमोर बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. बांध घालायला नको होता, असं ती म्हणणार नव्हती. बांधासाठी गावाने काय दिलं, ते सांगणार होती, आणि देताना त्यातलं काहीच जाणार नाही असं आपण सांगितलं होतं, हेही.

तात्पर्य एवढंच: सौंदर्य एकट्या वस्तूत नसतं आणि एकट्या बघणाऱ्यातही नसतं. म्हणून ते केवळ आपल्या मनात आहे असं समजून वस्तू मोडायला निघू नये, कारण वस्तू गेली की मनही रितं होतं.