गेनूच्या उपरण्याच्या गाठी

एका गावात एक भोळा गेनू होता. ‘भोळा’ हा शब्द त्याचा स्वतःचा. गाव दुसरा शब्द वापरायचं.

त्याचं लग्न शेजारगावच्या शीतलशी ठरलं, पण तिचे वडील बबनराव अडून बसले. जावयाच्या हाताला हुन्नर पाहिजे आणि तो भर मांडवात दिसला पाहिजे, नाहीतर वऱ्हाड आल्या पावली परत. गेनूचा शीतलवर फार जीव होता. म्हणून तो तालुक्याच्या कुलथे सरांकडे शिकायला गेला. सर कार्यक्रमात गाणं, जात्याची घरघर, पाखरांची किलबिल असं सगळं एकत्र वाजवायचे आणि त्या तालावर मागच्या पडद्यावर एका मशीनने फोटो आणि कॅमेऱ्यातली जिवंत चित्रं खेळवायचे.

सर म्हणाले, कुठलाही आवाज म्हणजे संगीतच. आवाज झाला की चित्र बदलायचं, एवढी गाठ बांधून ठेव. गेनूने उपरण्याला गाठ मारली.

पहिलंच काम आलं आप्पा सरपंचांच्या शोकसभेचं. मशीनमध्ये आप्पांचा हार घातलेला फोटो होता आणि सरांच्या आदल्या दिवशीच्या कार्यक्रमातली लावणी पुसायची राहिली होती. सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. डास फार होते. कुणीतरी मानेवर चापट मारली. गेनूने चित्र बदललं. आप्पा गेले, नाचणारीण आली. दुसऱ्याने पोटरीवर मारली. नाचणारीण गेली, आप्पा आले. डासांना काही तोटा नव्हता.

सरांनी त्याचा कान धरला. “अरे, माणसं गप्प उभी असतील तेव्हा चित्राला हात लावायचा नाही. आणि ज्याचा आवाज, तोच पडद्यावर दिसला पाहिजे.”

“माझ्या डोक्यात भुसाच आहे सर,” गेनू म्हणाला. “पण भुशात ठेवलेलं अंडं फुटत नाही.” आणि त्याने दुसरी गाठ मारली.

मग आली गाण्याची मैफल. बुवांनी डोळे मिटून हलकेच सूर लावला. पहिल्या रांगेत अध्यक्ष घोरत होते. गेनूने कान देऊन ऐकलं. अध्यक्षांचा आवाज मोठा होता. त्याने कॅमेरा वळवला आणि बुवांच्या मागे आठ हात रुंद उघडं तोंड दिसू लागलं. बुवांनी वरचा सूर लावला, तेव्हा अध्यक्षांनीही लावला. हशा ऐकून अध्यक्ष जागे झाले आणि काठी घेऊन धावले. गेनू मशीन टाकून पळाला. मैफल संपेपर्यंत पडद्यावर रिकामी खुर्ची होती.

सर म्हणाले, काहीही होवो, कार्यक्रम संपेपर्यंत मशीन सोडून उठायचं नाही. गेनूने तिसरी गाठ मारली.

मग लग्न आलं. गेनू मुंडावळ्या बांधून मशीनशी बसला. अंतरपाट धरला गेला. एका बाजूला शीतल उभी, दुसऱ्या बाजूला कुणीच नाही. मामा बोलवायला आले. गेनू म्हणाला, उठता येत नाही, इथूनच येतो. त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला, मशीनचा झोत अंतरपाटावर सोडला आणि तिथे त्याचा चेहरा उमटला, मुंडावळ्यांसकट. आवाजही आपलाच असावा म्हणून तो भटजींच्या वरताण मंगलाष्टकं म्हणू लागला. मांडव खूश झाला. बबनरावांनीसुद्धा मान डोलावली.

शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, नवरदेव अंतरपाटावरच म्हणून तो कुणी सोडला नाही आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आवाज झाला, म्हणून गेनूने चित्र बदललं.

आप्पा आले. ते अजून मशीनमध्येच होते.

शीतलच्या हातात हार आणि समोर आप्पा. एका म्हाताऱ्याने सवयीने टोपी काढली. त्याचं बघून दुसऱ्याने मान खाली घातली. बघता बघता अख्खा मांडव गप्प उभा राहिला. बँडवाल्यांनीही पिपाण्या खाली घेतल्या.

मुहूर्त सरत चालला. कुलथे सर लांबून हातवारे करत होते. गेनूने दुसरी गाठ चाचपली. माणसं गप्प उभी होती. चित्राला हात लावता येत नव्हता.

शेवटी शीतल हार घेऊन त्याच्यापाशी आली. “अहो, चला ना वर. मुहूर्त टळतोय.”

गेनूने तिला तिसरी गाठ दाखवली. “उठता येत नाही. आणि हळू बोल, लोक श्रद्धांजली वाहतायत.”

शीतलने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की सगळ्यांच्या माना वर झाल्या.

आवाज झाला. गेनूने चित्र बदललं. अंतरपाटावर त्याचा गाल दिसला, पाची बोटांसकट. मांडव पोट धरून हसला आणि सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

आवाज झाला. गेनूने चित्र बदललं. आप्पा आले, मुहूर्त गेला आणि मांडवाने पुन्हा माना खाली घातल्या.