एका पाण्यातले दोन धातू

“एवढंच सांगा बाई, हे सगळं एकमेकांशी जुळतं की नाही?”

बाई सतरंजीकडे बघत होत्या.

अलिबागच्या त्या घरात एक रीत होती. कंप्युटर बांधायला आलेल्याने आणलेले सगळे भाग खोक्यांतून काढून सतरंजीवर मांडायचे आणि चहा संपेपर्यंत त्यांच्याबद्दल बोलायचं नाही. कर्णिकबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना हा नाद लागला, आणि लांबलांबची मुलं त्यांच्याकडे येऊ लागली.

आज आलेला मुलगा छप्पन्न वर्षांचा होता. प्राध्यापक जयंत आठल्ये, बाईंचा शाळेतला जुना विद्यार्थी. पुलांवरचा त्यांचा ग्रंथ परदेशातही वाचला जातो, असं म्हणतात.

“चहा संपू दे, जयंता.”

जयंतरावांनी गरम चहा घाईने संपवला. जीभ भाजली असावी.

“आता बोल.”

“पाण्याने थंड होणारं मशीन आहे बाई. गेम खेळायचं. प्रोसेसर तापतो, त्यावर हा तांब्याचा ब्लॉक बसतो. त्यातून पाणी फिरतं, उष्णता घेतं, या रेडिएटरमध्ये येऊन निवतं आणि परत जातं. पंपाचा दाब मी स्वतः गणित करून काढलाय. आटे सगळे एका मापाचे आहेत. मी चार महिने वाचतोय.”

“अजून पाठच करतोस वाटतं.”

“बाई…”

“खेळणार कोण? तू?”

“मला कुठलं येतंय! निषादसाठी.”

“तुझा मुलगा? तो बंगळूरला ना?”

“हो.”

“मग मशीन तिकडे पाठवणार?”

“नाही. इथेच ठेवणार. त्याच्या खोलीत.” जयंतराव सतरंजीची दशी ओढू लागले. “इंजिनिअरिंग सोडून गेला, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आईला फोन करतो. मी आतल्या खोलीत पेपर घेऊन बसतो… आवाज येतो थोडा. हसतो तेव्हा जास्त येतो.”

बाईंनी एक रिकामं खोकं बाजूला सरकवलं.

“मशीन पूर्ण झालं की फोटो पाठवीन. बघून येईल. येईल ना, बाई?”

बाईंनी काळा रेडिएटर उचलला. तळहातावर तोलला आणि जयंतरावांच्या हातात दिला.

“किती हलका आहे बघ.”

“हो.”

“हा कुठून आणलास?”

“हा निषादचा. कॉलेजात असताना स्वतःच्या पैशांनी घेतला होता. असंच मशीन बांधायचं होतं त्याला. कपाटात सापडला. बाकीचं सगळं मी निवडलं, उत्तमातलं उत्तम.”

बाईंनी खिळा घेऊन रेडिएटरच्या तोंडाशी आत एक ओरखडा काढला. रंगाखालून पांढरी चमक दिसली.

“ॲल्युमिनियम,” जयंतराव म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “आणि ब्लॉक तांब्याचा.”

“दोन्ही चांगले आहेत.”

“पण एका पाण्यात…”

“एका पाण्यात नाही.”

“मी मापं बघितली. आटे बघितले. दाब बघितला. हे कसं नाही बघितलं?”

बाहेर भाजीवाली ओरडत गेली. बाईंनी तिला हातानेच नको म्हटलं.

“गंज रोखणारं औषध मिळतं, ते पाण्यात घातलं तर?”

“उशिरा होईल. होईल मात्र.”

“नक्की काय होतं?”

“ॲल्युमिनियम आतून झिजत जातं. वरून दिसत नाही. पाणी गढूळ होतं. मग एक दिवस गळतं.”

“आणि तांब्याला?”

“तांब्याला काही होत नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. म्हणून त्याला कळतही नाही.”

जयंतरावांनी तांब्याचा ब्लॉक उचलून उलटसुलट करून पाहिला. मग वर्गात उत्तर सुचल्यासारखे एकदम सावरून बसले.

“सोपं आहे, बाई. रेडिएटर बदलतो. तांब्याचा आणतो, उत्तमातला.”

बाई उठल्या. त्यांनी तो काळा रेडिएटर सतरंजीवरून उचलला, दाराशी नेला आणि जयंतरावांच्या चपलांशेजारी ठेवला. परत येऊन आपल्या जागी बसल्या.

“आता जुळतं सगळं,” त्या म्हणाल्या.

सतरंजीवर ब्लॉक होता, पंप होता, नळ्या होत्या. मधोमध हातभर जागा रिकामी होती.

जयंतराव त्या जागेकडे बघत राहिले…

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी गेले. रेडिएटर उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि सतरंजीवर होता तिथे आणून ठेवला. तांब्याचा ब्लॉक त्याच्या खोक्यात घातला. खोक्याचं झाकण दोनदा चुकीचं बसलं.

“याच्याबरोबर कोणता ब्लॉक चालेल, बाई?”

“निषादला विचार.”

“त्याला?”

“हा घेतला तेव्हा पुढचं काहीतरी त्याच्या मनात असेलच की.”

“पण मला पूर्ण करून दाखवायचं होतं… तुम्हीच सांगा ना. इतकी मशीनं बांधलीत तुम्ही.”

“मला माहीत नाही.”

“असं कसं बाई!”

“मला माहीत नाही म्हटलं ना, जयंता.”

जयंतरावांनी खिशातून फोन काढला. मुलाचं नाव शोधून काढलं. अंगठा त्याच्यावर नुसताच थांबला.

“काय म्हणू त्याला? मला कळत नाही, तू सांग, असं? आयुष्यात मी त्याला कधी काही विचारलेलं नाही.”

बाईंनी चहाचा ट्रे जवळ ओढला.

“आणि आता तर मला कळलंय, बाई. ॲल्युमिनियमबरोबर ॲल्युमिनियम. घरी जाऊन तासाभरात शोधीन. जे मला माहीत आहे, ते त्याला कसं विचारू?”

बाईंनी रिकामे कप उचलले.

“माहीत आहे ते विसर.”