बस्त्यावचा ठेका

"एवढंच? बेचाळीस वर्षं बरोबर काम केलंत, आणि एवढंच बोलायचं होतं, मास्तर?"

पेंडुरकर मास्तरांनी बशीत चहा ओतला.

मिलिंद वायंगणकर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. बसला म्हणजे कोसळलाच. पहाटेच्या विमानाने तो दौऱ्यावरून उतरला होता आणि तसाच वसईला आला होता. कंबर धरली होती. डोळ्यांत झोप होती, आणि झोपेच्या मागे राग.

बस्त्याव डाबरे जाऊन नऊ दिवस झाले होते. रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्स वाजवणारा माणूस. सकाळी वसईहून निघायचा, स्टुडिओत जाऊन दोन-तीन गाणी वाजवायचा, संध्याकाळी घरी यायचा. अशी सगळी उमर गेली. लोकांना गाणी तोंडपाठ होती. बस्त्यावचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पण धंद्यातले लोक त्याचं नाव काढताना आवाज खाली आणायचे.

आज चर्चच्या हॉलमध्ये ते सगळे त्याच्या आठवणी सांगायला जमले होते. मिलिंदने मागच्या रांगेत बसून सगळं ऐकलं होतं.

बासरीवाले रफिकभाई म्हणाले, "खरं सांगू? मला बस्त्यावचं वाजवणं आठवतच नाही. माझी बासरी मात्र त्या दिवसांत फार चांगली वाजायची."

गायिका शैलजाबाईंनी एका स्टुलाची गोष्ट सांगितली. त्यांना सातवा महिना होता, उभं राहून गायचं होतं. बस्त्यावने कुणाला न विचारता आपलं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि स्वतः उलट्या ठेवलेल्या पेटाऱ्यावर बसून गाणं वाजवलं.

एक रेकॉर्डिस्ट उठले. "तीस वर्षांत त्यांच्या आवाजाचं बटण मला हलवावं लागलं नाही," एवढं बोलून बसले.

आणि शेवटी मास्तर. चौऱ्याऐंशी वर्षांचे. शेकडो गाण्यांचं वाद्यसंयोजन केलेले. बस्त्यावला नोटेशन त्यांनीच शिकवलं, पुढे मिलिंदलाही. ते काठीवर रेलून उभे राहिले. "बस्त्याव चांगला होता," म्हणाले. थोडं थांबले. पुन्हा "चांगला होता" म्हणाले आणि खाली बसले.

मिलिंदने चार पानं लिहून आणली होती. नाव पुकारलं तेव्हा त्याने हातानेच नको म्हणून सांगितलं.

"स्टुलं काय, बटणं काय..." तो आता म्हणाला. "अहो, एवढा मोठा वादक गेला आणि त्याच्या वाजवण्याबद्दल एक माणूस बोलला नाही."

"तू का नाही बोललास?"

"मला राग आला होता."

"कुणाचा?"

मिलिंदने खिशातली पानं चाचपली.

आठ वर्षं तो बस्त्यावकडे ड्रम्स शिकला होता. मग एक दिवस यायचा बंद झाला. भांडण नाही, निरोप नाही. पुढे त्याचं नाव झालं, पोस्टरवर फोटो लागले. अकरा वर्षांत त्याने वसईचं स्टेशन पाहिलं नव्हतं. बस्त्यावने एकदा दिवाळीला फोन केला होता. मिलिंद तेव्हा तालमीत होता. नंतर करतो म्हणाला...

मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि काठीने समोर दाखवलं. स्टेजच्या कोपऱ्यात बस्त्यावचे ड्रम्स मांडले होते. त्याच्या मुलीने, फिलोमिनाने, ते चर्चच्या बँडला देऊन टाकले होते.

"जा. वाजव."

"इथे? आत्ता?"

"त्याच्या वाजवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणतोस ना..."

मिलिंद उठला. स्टुलावर बसला. त्याच्या पाठीला नकळत ताठा आला, जसा रंगमंचावर यायचा. आणि तो वाजवू लागला.

त्याने काहीच राखून ठेवलं नाही. हॉलमधलं बोलणं थांबलं. चहाचे कप हातात तसेच राहिले. कुणी मोबाइल वर धरला. तो थांबला तेव्हा टाळ्या पडल्या. रफिकभाईंनी मान डोलावली. फिलोमिना दारात उभी होती, तीही हसली, पाहुण्याला बघून हसावं तशी.

मास्तर काठी टेकत जवळ आले.

"हे तुझं. आता त्याचं वाजव."

मिलिंदने काठ्या उचलल्या... आणि हात हवेतच राहिले.

काय वाजवायचा बस्त्याव?

आठ वर्षं त्या माणसाच्या डाव्या हाताला बसून काढली होती. त्याच्या बनियनला येणारा पावडरचा वास आठवत होता. वाजवताना खालचा ओठ दाताखाली धरायची सवय आठवत होती. पण वाजवणं... एक तुकडा आठवेना. गाणी आठवत होती, गाण्यांतली बासरी आठवत होती, गाणाऱ्याने घेतलेली जागा आठवत होती. ड्रम्स कुठे होते तेच सापडेना.

त्याने काठ्या खाली घेतल्या.

"मास्तर, मलाही आठवत नाही."

मास्तरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"पहिल्या वर्षी फक्त एक ठेका दिला होता त्यांनी. साधा. कुणालाही येईल असा. वर्षभर तोच. मी दुसरं मागायचो, ते म्हणायचे, अजून हाच... शेवटीही एकदा चूक काढून पुन्हा तोच वाजवायला बसवलं. आठ वर्षांनंतर! दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही."

"तो ठेका येतो ना?"

"तो कसा विसरेन?"

"मग..." मास्तर जवळच्या पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले.

मिलिंद वाजवू लागला. साधा ठेका, हळू. पाच मिनिटं झाली. पहिल्यांदा लोकांनी वळून पाहिलं, मग ते पुन्हा आपापल्या बोलण्यात गेले. कपबश्यांचा आवाज सुरू झाला. मिलिंदच्या मनाला आधी ते लागलं. मग लागायचं राहिलं. दोन रात्रींचं जागरण अंगात होतं. खांदे आपोआप खाली आले.

खिडकीजवळ गावातल्या तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतली एक गुणगुणू लागली. चर्चमधलं जुनं मराठी गीत. दुसरीने तिच्यात सूर मिसळला, मग तिसरीने. रफिकभाईंनी पिशवीतून बासरी काढली. शैलजाबाई खुर्ची ओढून म्हाताऱ्यांच्यात जाऊन बसल्या.

दुसऱ्या कडव्याला पहिल्या म्हातारीला दम लागला. ओळ अर्धी राहिली. मिलिंदने तिच्याकडे पाहिलं, त्याचा हात केसभर मागे थांबला. तिने श्वास घेतला, ओळ पुरी केली. पुढच्या ओळीला तो पुन्हा थांबला, तिच्यासाठी. मग ठेका तिच्या श्वासाबरोबरच चालू लागला.

आत कप धुण्याचा आवाज बंद झाला. फिलोमिना ओल्या हातांनी बाहेर आली. ड्रम्सकडे तिने पाहिलं नाही. भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी राहिली.

गीत संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हातारीने पदराने तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाली, "आज गळा बरा लागला गं."

मिलिंदने काठ्या मांडीवर ठेवल्या. मग म्हणाला, थकलेल्या, जरा नवल वाटलेल्या आवाजात,

"मास्तर... एवढा वेळ वाजवलं. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मास्तर काठीचा आधार घेत उठले.

"आणि तू कुणाकडे बघत होतास?"