इक्बालने बसवलेले ब्रेक

“पण दोष कोणाचा, एवढंच सांगा की अण्णा. प्रल्हादचा, का इक्बालचा?”

शशिकांत मगदूम टेकडी चढून नुकताच वर आला होता. धाप लागली होती, तरी तोंड थांबत नव्हतं. हाताला ग्रीस, सदऱ्याला ग्रीस, कानाच्या पाळीलासुद्धा ग्रीस.

टेकडीवरच्या मठात अण्णाबुवा एकटेच राहत. ते ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाचा दोष?”

“तेल गळतंय.”

“कशातनं?”

“मोटारीच्या गिअरबॉक्समधनं. काल भरलं, आज सकाळी सगळं जमिनीवर.”

“हं… अंगण झाड.”

“अं?”

“झाडू कोपऱ्यात आहे.”

माणूस उत्तर मागायला येतो आणि त्याच्या हाती झाडू येतो. शशिकांतला हे नवं नव्हतं. दर वर्षी तो अण्णांच्या पाया पडायला यायचा आणि काहीतरी काम करूनच परत जायचा. त्याने झाडू उचलला. झाडता झाडता सांगू लागला.

मोटार गुळवणी डॉक्टरांची. काळी, गोल दिव्यांची. शशिकांत, प्रल्हाद चौगुले आणि इक्बाल नदाफ शाळेत असताना तिच्यामागे धुळीतनं धावायचे. डॉक्टर गेले, मोटार गोठ्यात पडून राहिली. नातू भंगारात घालायला निघाला, तेव्हा या तिघा म्हाताऱ्यांनी ती ओढत आणून प्रल्हादच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात उभी केली.

इंजिन आणि गिअरबॉक्स प्रल्हादकडे. ब्रेक आणि चाकं इक्बालकडे.

“आणि तुझ्याकडे?” अण्णांनी विचारलं.

“देखरेख.”

“कोणी दिली?”

“द्यायची कशाला? कोणीतरी बघायला नको?”

शशिकांतचा जन्म सूतगिरणीत गेला होता. दुसऱ्यांनी काढलेलं सूत तपासायचं, हेच त्याचं काम. निवृत्त झाला, पण ती नजर काही त्याने गिरणीत परत केली नाही.

अंगण झाडून झालं. कचरा गोळा करून त्याने झाडू ठेवला आणि कंबर सरळ केली.

अण्णा उठले. झाडू घेतला. तेच अंगण, त्याच कोपऱ्यापासून, पुन्हा झाडू लागले.

शशिकांत बघत राहिला. म्हातारपण, दुसरं काय.

“राहिलं होतं का कुठं?”

अण्णा झाडत राहिले.

“रांजण भर,” झाडून झाल्यावर म्हणाले.

शशिकांतने आडाचं पाणी ओढलं. गुडघे कुरकुरत होते. घागर खांद्यावर घेऊन खेपा घालताना तो बोलत होता.

“इक्बालला काचबिंदू आहे. कडेचं दिसायचं बंदच झालंय. मधलं तेवढं दिसतं, नळीतनं बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आणि राहिलेलंही फार दिवस राहणार नाही.”

“हं.”

“त्याला एकदा ती मोटार चालवायची आहे. स्वतः. बाजार समितीच्या मोकळ्या पटांगणात एक चक्कर. दिसतंय तोवर. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय. आणि नेमके आत्ताच दोघंही यायचे बंद झालेत.”

“का?”

“इक्बाल रागावला. तो आला नाही की प्रल्हादही येत नाही. मी एकटाच गाडीखाली पडलोय, अण्णा. एकटाच. म्हणून हा ग्रीसचा अवतार.”

“कशावरनं रागावला?”

शशिकांतने शेवटची घागर रांजणात ओतली.

“ते घरी गेले की मी एकदा उघडून बघतो. एवढंच. त्यांनी बसवलेलं बरोबर आहे का, ते. वाईट हेतू नाही. इक्बाल ब्रेकच्या नटातली पिन बसवतो ना, तिची टोकं आपल्या ठरलेल्या पद्धतीनं वळवतो. गुरुवारी त्यानं पिनेवरनं बोट फिरवलं आणि ओळखलं, कोणीतरी उघडलंय म्हणून. पाना खाली ठेवला, काहीतरी बोलला आणि गेला.”

“काय बोलला?”

“रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो.”

अण्णांनी रांजण कलंडला. पाणी अंगणातून वाहत जास्वंदीच्या आळ्यात गेलं.

“अहो अण्णा!”

अण्णांनी घागर उचलली आणि आडाकडे निघाले. ऐंशीच्या पुढचा माणूस, आणि भरलेला रांजण रिकामा करून पुन्हा पाणी ओढतोय. शशिकांत घागर घ्यायला धावला. अण्णांनी ती दिली नाही.

खेपांमागून खेपा झाल्या. शशिकांत ओसरीच्या पायरीवर बसून दात आवळत राहिला. त्याला एक साधं उत्तर हवं होतं. प्रल्हाद की इक्बाल. त्यासाठी एवढा तमाशा कशाला?

रांजण भरल्यावर अण्णा घाम पुसत म्हणाले, “चहा कर.”

शशिकांतने चूल पेटवली. आता मात्र त्याने मन लावलं. कुंपणाजवळची गवती चहाची पात आणली, आलं ठेचलं, दूध आटू दिलं नाही, उतू जाऊ दिलं नाही. चूक काढायला जागाच ठेवायची नाही, असं त्याने ठरवलं होतं. गाळून पितळी पेल्यात ओतला आणि अण्णांसमोर ठेवला.

अण्णांनी एक घोट घेतला…

पेला उचलून पायरीखाली रिकामा केला. चुलीवरचं पातेलंही रिकामं केलं. पातेलं विसळून पुन्हा आधण ठेवलं.

तेव्हा शशिकांतचा तोल गेला.

“मग मला सांगता कशाला? तुमचं तुम्हीच करायचं होतं की सगळं. मी काय इथं शोभेला बसलोय?”

अण्णांनी चुलीत फुंकर घातली.

“कोण म्हणालं हे?”

“कोण म्हणजे? मी म्हणतोय.”

“आधी कोण म्हणालं?”

…

शशिकांतला आठवलं. गुरुवारची संध्याकाळ. गुऱ्हाळाच्या दारातला उजेड. इक्बाल पाना खाली ठेवतो, दाराची चौकट हाताने चाचपतो आणि मागे न बघता म्हणतो, तुझं तूच कर की सगळं, मला कशाला शोभेला बसवलास.

आधणाला उकळी फुटू लागली.

“ते वेगळं आहे,” शशिकांत म्हणाला. त्याला हार मानायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या म्हणण्यातही तथ्य होतं. “चहा बिघडला तर बिघडला. हे ब्रेक आहेत, अण्णा. ज्याला नीट दिसत नाही, त्यानं बसवलेले. आणि बसणार तोच गाडीत. काही झालं तर? मला झोप लागत नाही हो. तो मेला तर मी काय करू?”

हे बोलताना त्याचा आवाज चिरकला. त्याचं त्यालाच ते आवडलं नाही.

अण्णा पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बसले.

“उघडून बघितलेस ना ब्रेक?”

“बघितले.”

“काय चुकलं होतं?”

शशिकांतने चुलीतलं लाकूड आत सारलं.

“काही नाही.”

“त्याच्याआधी उघडलंस तेव्हा?”

“तेव्हाही नाही. त्याचा हात चांगला आहे. सायकलच्या दुकानात गेलं सगळं आयुष्य. डोळे मिटून करील.”

“ते त्याला सांगितलंस?”

“काय?”

“बरोबर आहे म्हणून.”

शशिकांतला प्रश्नच कळला नाही. “बरोबर आहे ते काय सांगायचं? चुकलं तर सांगायचं. गिरणीत आम्ही चुकलेल्या सुतालाच खूण करायचो. चांगलं सूत पुढे जायचं.”

“हं.”

अण्णांनी आधणात साखर टाकली. चूल धुमसत होती. शशिकांतला धुरानं ठसका लागला.

“तेलाचं राहिलंच,” शेवटी शशिकांत म्हणाला. आवाज खाली आला होता, पण हट्ट सुटला नव्हता. “दोष कोणाचा?”

“मला मोटारीतलं काय कळतंय? गळतं कुठनं?”

“झाकणाच्या कडेनं. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये जाड कागदाचं पॅकिंग असतं. प्रल्हादनं स्वतः कातरून बसवलं होतं. विचारलं तर तो म्हणणार, इक्बालनं चाकं ठोकताना धक्का बसला असेल. इक्बाल म्हणणार…”

“ते पॅकिंग कसं खराब होतं?”

“झाकण उघडलं की फाटतं. चिकटलेलं असतं ना ते. एकदा बसवलं की…”

तो थांबला.

“की?”

“…की उघडायचं नसतं.”

“शेवटचं कोणी उघडलं?”

शशिकांतने हाताच्या ग्रीसकडे पाहिलं. सदऱ्याला हात पुसला. सदराही तसलाच होता.

“मी.”

अण्णांनी नवा चहा गाळला. एकच पेला. स्वतः घेऊन बसले आणि पिऊ लागले. शशिकांतला विचारलंसुद्धा नाही.

आता मात्र हद्द झाली. दोष सापडला, तो आपल्याच पदरात पडला, अंगण झाडलं, पाणी ओढलं, आणि वर चहाचा घोटही नाही. शशिकांतने चपला पायांत सरकवल्या.

“मग आता मी काय करू, ते तरी सांगा.”

अण्णा चहा पीत राहिले.

“नवीन पॅकिंग प्रल्हाद कातरेल. ते होईल. पण इक्बालचं काय? दिवस राहिलेत किती? त्याच्या दारात जाऊन मी म्हणू काय?”

अण्णांनी पेल्यात फुंकर घातली.

“बरं. नका सांगू. येतो.”

तो नमस्कार करायचंही विसरला. टेकडी उतरू लागला. संताप होता, अण्णांवर होता, स्वतःवर होता, आणि कोणावर जास्त हे ठरत नव्हतं. खाली गुऱ्हाळाचं पत्र्याचं छप्पर उन्हात दिसत होतं. पलीकडच्या गल्लीत इक्बालचं घर. या वेळी तो दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. रस्त्यानं जाणाऱ्यांना पावलांवरनं ओळखायची सवय करून घेतोय म्हणे, आत्तापासूनच.

शशिकांतने त्या घरावरून नजर काढली.

दुसरंच काहीतरी त्याला टोचत होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे ते क्षुल्लक होतं, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. पण ते डोक्यातून जाईना. अण्णांनी तो चहा का ओतून दिला? साखर जास्त झाली? आलं उतरलं नाही? घोट घेताना त्यांचा चेहरा कसा होता? तो पाऊल टाकायचा आणि पुन्हा आठवून बघायचा. या वयात, एका पेल्यासाठी, डोळ्यांत पाणी यावं म्हणजे काय.

वळणावर त्याला हाक ऐकू आली. अण्णा मठाच्या कठड्याला धरून उभे होते.

“शशिकांत…”

त्याने वर पाहिलं.

“मघाचा चहा चांगला होता.”