अवधूताचं पान

"मग गुंफेची किल्ली कधी देताय, बुवा?" विश्वंभरनं विचारलं.

धुंडाबुवांनी बोटाला लागलेला ठेचा चाटला.

टळटळीत दुपार. मठाच्या ओसरीवर पंगत बसलेली. टोकाला, रिवाजाप्रमाणे, एक पान जास्तीचं. अवधूताचं. त्यावर कुणी बसायचं नाही. अवधूत कधी कुठल्या रूपात येईल नेम नाही, म्हणून रोज वाढायचं. आणि तो काही येत नाही, म्हणून रोज गाईला घालायचं.

गुंफा मठामागच्या कड्यात होती. मागे एक गुरू तिच्यात उतरले, लोकांनी बाहेरून दार लिंपून घेतलं. ते वर आले नाहीत. त्यालाच समाधी म्हणतात.

आता विश्वंभरला उतरायचं होतं.

विश्वंभर शिकलेला. पाठांतरात कुणाच्या बापाला हार जायचा नाही. बुवांना त्यानं मनातल्या मनात एक पायरी खाली बसवलं होतं. बुवा घोरत. बुवांना ठेच्याशिवाय घास उतरत नसे. मठाची म्हातारी गाय मेली तेव्हा तर धाय मोकलून रडले होते. याला का वैराग्य म्हणायचं?

"काय काय गेलं तुझं?" बुवांनी भाकरी मोडली.

"भूक गेली. झोप गेली. कोंबडं आरवायच्या कितीतरी आधी डोळे उघडतात, मग आढ्याकडे बघत पडतो. गोड-कडू सारखंच. परवा आई आली, लाडू घेऊन. माझ्या पाया पडली… रडली. मी तिच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिलो. कुणा परक्या बाईचे असावेत तसे. आत काही हललं नाही."

पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी खरकट्या हातांनीच नमस्कार केला.

"अंग जड वाटतं?"

"भुई खाली ओढते, बुवा."

"सकाळी जास्त, का संध्याकाळी?"

"सकाळी." विश्वंभरला नवल वाटलं. हा प्रश्न कुठल्या ग्रंथात नव्हता.

"जपात मन लागतं?"

"मणी निसटतात बोटांतून. एकच ओळ वाचतो, परत वाचतो… जपाच्याही पुढे गेलो असेन."

"असशील," बुवा म्हणाले. "आणि तो कोण?"

विश्वंभरचा हात पानावरच थांबला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"कोण तो?"

"ज्याच्याकडे तू पंगतभर बघतोयस."

सगळ्यांच्या माना टोकाकडे वळल्या. पान होतं तसंच होतं. गूळ होता, भात होता. इतर पानांवर माशा घोंघावत होत्या. त्या एका पानावर एकही नव्हती.

"अवधूत आहे," विश्वंभर हळूच म्हणाला. "रोज येतो. आधी दाराशी थांबायचा. आता बसतो."

"जेवतो?"

"नाही."

"बोलतो?"

"एवढंच… चल."

"कुठं?"

विश्वंभरनं कड्याकडे पाहिलं.

"तोंडावळा कुणासारखा?"

विश्वंभरनं पुन्हा टोकाच्या पानाकडे पाहिलं.

"…माझ्यासारखा."

बुवा उठले. गुडघे कटकन वाजले. पंगतीच्या टोकाला गेले आणि अवधूताच्या पानावर मांडी घालून बसले.

"हां हां, बुवा! पाप हाय!" म्हातारे ओरडले.

बुवांनी भात कालवला. मोठा घास घेतला.

"कुठं गेला आता?" भरल्या तोंडानं विचारलं.

"तुमच्या… पाठीमागं उभा आहे."

बुवांनी वळून पाहिलं नाही.

"राहू दे. माझाही असाच राहायचा उभा."

"तुमचा?"

"माझ्याच तोंडावळ्याचा. त्यालाही भूक नव्हती. मीही किल्ली मागितली होती. माझ्या गुरूंनी किल्ली दिली नाही, एसटीत बसवलं."

बुवांनी कमरेचा बटवा उघडला. भस्माच्या पुडीमागून गोळ्यांचं एक जुनं, रिकामं पाकीट काढलं. लोक ज्या बटव्याला डोकं टेकवत, त्यातून.

"तालुक्याच्या दवाखान्यात. तेव्हा डॉक्टर होते, आता डॉक्टरीणबाई आहेत, मनाच्या आजाराच्या. गोळ्या दिल्या. दर खेपेला बसवून बोलतं केलं. लगेच काही झालं नाही हो. चांगला महिना गेला. मग एक दिवस ठेचा तिखट लागला… नाकाडोळ्यांतून पाणी. ते बघून गुरू हसले."

"साधनेला गोळी, बुवा?"

"साधनेला काय धाड भरलीय? आजारी तू आहेस."

"मग हे वैराग्य नव्हे?"

"वैराग्याला झोप छान लागते, बाळा."

आता मात्र गावच्या पाटलांना राहवेना. "आहो बुवा, समाधीला अमावास्येचा मुहूर्त ठरलाय. फ्लेक्स लागलाय चौकात. मांडववाला येऊन खुंट्या ठोकून गेला!"

"मग कुणाचं तरी लगीन लावा त्यात," बुवा म्हणाले आणि आचवायला उठले.

किल्ली त्यांच्या कमरेलाच राहिली. हात धुतला तो सरळ विश्वंभरच्या मनगटावर ठेवला, आणि मठापासून थांब्यापर्यंत सोडला नाही. विश्वंभरला तो ओला हात कळत होता. फार लांबून कळावा तसा.

एसटी चौकात वळली. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडत होता. त्यावर फुलांच्या महिरपीत एक तरुण हसत होता, दात दाखवून, मनापासून.

"हा कोण?" विश्वंभरनं विचारलं.

बुवांनी मनगटावरची पकड तेवढी घट्ट केली.

मग विश्वंभरला आठवलं… पदवीच्या दिवशीचा फोटो. आईनं दिला असणार. तो मान वळवून त्याच्याकडे बघत राहिला, फ्लेक्स दिसेनासा होईपर्यंत. नीट रडूही येईना.

गाडी रिकामीच होती. बुवा बाकावर सरकले, विश्वंभरलाही सरकवलं. खिडकीपाशी एका माणसापुरती जागा झाली. तिकडून गार वारा आला. खिडकीची काच बंद होती.

कंडक्टर तिकिटांचा चिमटा वाजवत आला. "बोला बुवा, कुठं?"

"तालुक्याला. तीन दे."

कंडक्टरनं बाकाकडे पाहिलं, मागं पाहिलं. "तिसरं कोण? दोघंच तर दिसताय."

विश्वंभरनं खिडकीकडे पाहिलं. मग बुवांकडे.

"तीनच फाड," बुवा म्हणाले. "येताना किती लागतील, ते येताना बघू."