एक गाठ सुटी

फार पूर्वी, उघड्या माळावरच्या एका गावात घोंगड्या विणणारी एक म्हातारी राहत होती. त्या गावाची एक रीत होती. घरचे माणूस मेंढ्या घेऊन दूर गेले की त्याच्यासाठी मागे नवी घोंगडी विणायची, पण तिच्या कडेचे धागे सुटेच ठेवायचे. त्यांना गाठी मारायच्या त्या परत आलेल्या माणसानेच.

म्हातारीचा मुलगा धुळा दुष्काळाच्या साली मेंढ्या घेऊन घाटाखाली गेला. पावसाळ्यात बाकीचे परतले, धुळा परतला नाही. तो गेला असे कुणी सांगेना, आहे असेही कुणी सांगेना. म्हातारीने त्याची घोंगडी पेटीत ठेवली आणि दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून पेटी कधी उघडलीच नाही.

शेजारीण म्हणायची, "सात वर्षं झाली. मार गाठी आणि मोकळी हो."

"माझं काम नाही ते," म्हातारी म्हणायची. "त्याचं आहे."

एका हिवाळ्यात, दिवस कलताना, एक अनोळखी मेंढका दारात आला. तापाने त्याचे दात वाजत होते.

"आई, पांघरायला काही मिळेल का?"

विणलेल्या घोंगड्या सगळ्या बाजाराला गेल्या होत्या. म्हातारीची नजर पेटीकडे गेली आणि तिथेच थांबली.

मेंढक्याने ते पाहिले. "कुणाची आहे?"

"लेकाची. यायचाय तो."

"मग राहू दे, आई. मी चुलीपाशी पडतो."

तो चुलीपाशी अंग मुडपून पडला. धुळाही असाच झोपायचा, गुडघे पोटाशी घेऊन. आज तो कुणाच्या चुलीपाशी पडला असेल, आणि त्या घरातही अशीच एखादी बंद पेटी असेल तर? म्हातारी उठली आणि तिने पेटी उघडली.

घोंगडीला कसर लागली होती. घडीघडीवर भोके पडली होती.

"तुझ्यासाठी म्हणून राखली रे," ती पुटपुटली, "आणि किड्यांना घातली."

घरात पांढरी लोकर होती. तिने ती काळी घोंगडी पांढऱ्या धाग्याने रफू केली आणि मेंढक्यावर पांघरली.

तीन दिवसांनी ताप उतरला. मेंढका घोंगडी परत देऊ लागला. म्हातारी म्हणाली, "घेऊन जा. गाठी मार तिला, सगळ्या. एक तेवढी सुटी ठेव."

"ती कशाला?"

"ती धुळाची. वाटेत भेटला तर सांग, तुझी एक गाठ राहिलीय."

त्यानंतर दर हिवाळ्यात ती एक घोंगडी जास्तीची विणायची, गरजू वाटसरूला द्यायची आणि हेच सांगायची. शेजारीण हसायची, "आता तुझा निरोप सगळ्या वाटांनी फिरतोय." मग तीही लोकर पिंजायला येऊन बसू लागली.

धुळा आला नाही. सांज झाली की म्हातारीचे डोळे अजून घाटाच्या वाटेकडे जायचे. पण त्या वाटेने कुणी ना कुणी 'आई' म्हणत यायचे, आणि चुलीवर भाकरी चार जास्तीच्या पडायच्या.

बऱ्याच वर्षांनी एक वाटसरू आला. त्याच्या अंगावर जुनी, विटलेली घोंगडी होती.

"कुठे मिळाली?"

"घाटाखाली एकाने दिली. म्हणाला, तुझी गरज संपली की पुढच्याला दे."

म्हातारीने तिची कड चाचपली. एक गाठ सुटी होती. अंगभर पांढरे रफू होते. तिच्या हातचे होते तेवढेच. नवे भोक एकही नव्हते. घोंगडीला कितीतरी घरांच्या धुराचा वास येत होता.

"धुळा कुठे दिसला का रे?" तिने हळूच विचारले.

"नाही, आई. पण खालच्या प्रत्येक गावात विचारतात, हा धुळा कोण? नवा मेंढका आला की आधी त्याचं नाव विचारतात."

म्हातारीने घोंगडी थोडा वेळ गालाला लावून धरली. मग ती पुन्हा त्याच्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "थंडी आहे. बस, भाकरी वाढते."

तात्पर्य: आपल्या माणसाची वाट जरूर पाहावी, पण त्याच्यासाठीची माया पेटीत बंद करून ठेवू नये. ती समोरच्याच्या अंगावर घातली, तरच आशा टिकते.