नाव ठेवलं की घेतलं?

"बाजारातली चिंच उद्या सकाळी पडणार. माझ्या नावाची कमान तिथेच उभी राहणार. ज्याला पटत नसेल, त्याने गटातून चालतं व्हावं!"

हणमंतरावांचा हा मेसेज 'आपलं देवळखेड' या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडला आणि साडेसहाशे फोन एकदम वाजले. हणमंतराव म्हणजे गावचे माजी सरपंच आणि गटाचे एकुलते एक अ‍ॅडमिन. सरपंचकी गेली तरी माणसांना गटातून काढायचं बटण त्यांच्या बोटाखाली होतं आणि ते बटण ते अगदी मन लावून दाबत. सोनटक्के गुरुजींनी "झाड राहू द्यावे" एवढंच लिहिलं. गुरुजी बाहेर! पोपट कंपाउंडरने गुरुजींच्या मेसेजला अंगठा दिला. तोही बाहेर! डेअरीवाल्या सुलोचनाबाईंनी बिचाऱ्यांनी नुसता रडका चेहरा टाकला होता, पण त्याही गेल्या.

आता गटाबाहेर जाणं ही काही साधी गोष्ट नव्हे. नळाला पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार, सगळं तिथेच कळायचं. गुरुजी दुपारी बादली घेऊन नळावर गेले, तेव्हा पाणी येऊन गेलेलं होतं.

कौसा कासारीण तीस वर्षं त्याच चिंचेखाली बायकांना बांगड्या भरत होती. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. झाड गेलं की सावली गेली, आणि रखरखत्या उन्हात हात पुढे करून कोण बसणार? गप्प बसणं कौसाच्या स्वभावात नव्हतं. तिने फोन तोंडाशी धरला.

"दादासाहेब, पाया पडते. कमानीबद्दल एक बोलू का?"

सगळ्या गटाने कान टवकारले. हणमंतरावांना मजा वाटली. त्यांचा आवाज घुमला, "बोल की! पण माझ्या तीन अटी. 'नाही' हा शब्द काढायचा नाही. तुझं ते 'न्हाई'सुद्धा चालणार नाही! दुसरं, मला नावं ठेवायची नाहीत. आणि तिसरं, तुझा विरोध ऐकून मी स्वतः टाळी वाजवली पाहिजे. पाचपर्यंत वेळ. जमलं तर ठीक, नाहीतर तूही बाहेर!"

"कबूल, दादासाहेब!"

कौसाचं डोकं फिरलं, असं सगळे म्हणाले. कौसाने मात्र बांगड्यांची पेटी उघडली, एक हिरवी बांगडी बोटावर फिरवली आणि एकटीच खुदकन हसली. हणमंतरावांच्या पत्नी इंदुमतीवहिनी लग्नाआधीपासून तिच्याच गिऱ्हाईक होत्या. त्या दिवसांतलं तिला बरंच काही आठवत होतं.

पावणेपाचला तिचा मेसेज आला.

"दादासाहेब, कमान झालीच पायजे! तिच्यावर तुमचं नाव आलंच पायजे! पण दगडावर नाव कोरायच्या आधी घरच्या लक्ष्मीनं नाव घ्यावं की! वहिनीसाहेब, तुम्ही लग्नाआधी चिंचेखाली माझ्याकडं बांगड्या भरायला यायचा. ती आठवण घालून एक झोकदार उखाणा होऊन जाऊ द्या!"

झालं! गटातल्या बायका तुटून पडल्या. "घ्या, घ्या!" "वहिनी, लाजू नका!" उखाण्याला कोण आडवं येणार? खुद्द हणमंतरावांनी मिशीवर हात फिरवला आणि बायकोला म्हणाले, "घे की. गाव एवढं मागतंय!"

वहिनींनी घसा साफ केला आणि फोनवर नाव घेतलं:

"बाजारातल्या चिंचेखाली बांगड्यांचा किणकिणाट,
हणमंतराव तिथंच उभे, बघत माझी वाट!"

आणि फोन बंद व्हायच्या आधी साऱ्या गावाला ऐकू आलं, "अहो, बघताय काय? वाजवा की टाळी!" त्यापाठोपाठ एक टाळी. जरा दबकतच वाजलेली.

मग गटावर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. तीस वर्षांपूर्वी दर मंगळवारी चिंचा वेचायच्या निमित्ताने झाडाखाली कोण घुटमळायचं, ते आता दुबईला गेलेल्या पोरांनासुद्धा कळलं.

"कौसा!" हणमंतराव गरजले. "झाड तोडू नका म्हणालीस, आणि तेही माझ्याच बायकोच्या तोंडून! अट मोडलीस! मला नावं ठेवलीस!"

"नाव ठेवलं कुठं, दादासाहेब? घेतलं!" कौसा म्हणाली. "तेही घरच्या माणसानं. आणि तुमची टाळी तर समद्या गावानं ऐकली!"

पुढचा मेसेज पाऊण मिनिटाचा होता, आणि त्यात निम्मा वेळ हणमंतराव नुसते हसत होते. मागे वहिनींच्या बांगड्या वाजत होत्या. शेवटी कसंबसं हसू आवरून ते म्हणाले, "बरोबर आहे. चिंच पाडली, तर हिची वाट बघायला मी उभा कुठं राहू? कमान एसटी स्टँडकडे सरकवा! चिंचेला दगडी पार बांधा, आणि पारावरची पहिली जागा कौसाची! आणखी काय पाहिजे, माग!"

"बाहेर घालवलेली तीन माणसं आत घ्या, दादासाहेब."

बटण दाबलं गेलं. तिघं परत आली. गुरुजींनी आत पाऊल ठेवताच पहिला मेसेज टाकला:

"सर्वांना सप्रेम नमस्कार. उद्या पाणी किती वाजता?"